माझा काही आग्रह नाही

चहा संपवून अण्णांनी कप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "आभारी आहे."

ती आरशासमोर घड्याळ बांधत होती. आधी तिला वाटलं, अण्णा फोनवर कुणाशी बोलतायत. वळून पाहिलं तर फोन जागेवर होता, खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि अण्णा रुमालाने मिशी पुसत होते. "अं?" ती म्हणाली. "चहा चांगला होता," अण्णा म्हणाले. "नेहमीचाच तर आहे." "नेहमीचा चांगलाच असतो," ते म्हणाले आणि उठून कप स्वतःच धुवायला घेऊन गेले. ती घड्याळाचा पट्टा हातात धरून तशीच उभी राहिली. 'आभारी' हा शब्द अण्णांकडे नव्हता असं नाही. डॉक्टरांना ते तो म्हणत, कचेरीतल्या साहेबाला म्हणत, आई गेली तेव्हा दारापर्यंत येऊन परत फिरणाऱ्या माणसांना हात जोडून म्हणाले होते. पण तो बाहेर न्यायचा शब्द होता, बुटांसारखा. घरात आले की तो ते दाराशीच काढून ठेवत. इतक्या वर्षांत तिला, आईला, धाकट्या भावाला त्यांनी कधी आभारी आहे म्हटल्याचं तिला आठवेना. आणि आज, जायच्या दिवशी, त्यांनी तो घालूनच चहा घेतला होता.

संध्याकाळी धाकटा गाडी घेऊन येणार होता. अण्णा आता त्याच्याकडे राहायला जाणार होते, कायमचेच. धाकट्याचं घर अगदी वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि अण्णांचा उजवा गुडघा असा की एकदा वर चढवलं तर पुन्हा खाली उतरणं डॉक्टरकडे जायचं तेव्हाच. तिथे त्यांची कॉट मधल्या बोळात पडणार होती, पोरं त्यांच्या अंगावरून उड्या मारत जाणार होती. इथे त्यांना स्वतंत्र खोली होती, पहिला मजला होता, खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. तरी जायचं त्यांनीच ठरवलं होतं. तिने फक्त विचारलं होतं. त्यांनी जाऊ नये असं तिला वाटत होतं, ते मात्र ती बोलली नव्हती. आपल्या वाटण्याचं ओझं समोरच्यावर टाकू नये, एवढं तर ती पोट भरण्यासाठी शिकवत होती.

घरात तिला मुंगी म्हणत, कारण लहानपणी ती भिंतीच्या कडेकडेने चालायची. कॉलेजात ती मॅडम होती. माणसं एकमेकांशी सभ्यपणे कशी बोलतात, का बोलतात, आणि त्यामागे काही नियम आहे का, हा तिचा विषय. रस्त्याने जाताना ती सवयीने त्याच शब्दाला धरून बसली. एक माणूस दुकानापुढची फरशी धूत होता. तिला पाहून त्याने पाण्याचा पाइप बाजूला धरला, ती "थँक्यू" म्हणाली, त्याने मान हलवली, दोघं एकमेकांना विसरले. हे असं असतं आभाराचं. दोन माणसांमध्ये जागा मोकळी आहे हे दोघांनी मान्य करायचं आणि आपापल्या वाटेने जायचं. मग सकाळी टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाने तिच्याकडे पाहून काय मान्य केलं होतं? तिला राग आला होता का, हे तिने तपासून पाहिलं. राग नव्हता. ओळखीच्या जिन्यावर एक पायरी कमी निघावी आणि पाय हवेतच खाली जावा, तसं काहीतरी होतं.

वर्गात तिने फळ्यावर नेहमीचं काढलं. माणसाला दोन गोष्टी हव्या असतात, तिने सांगितलं. एक, लोकांनी आपल्याला चांगलं म्हणावं, आपलं म्हणावं. दुसरी, आपल्या वाटेत कुणी येऊ नये, आपल्यावर कुणी काही लादू नये. आपण काहीही मागतो तेव्हा समोरच्याच्या वाटेत येत असतो, म्हणून आपण शब्द मऊ करतो. 'दार लाव' म्हणायच्या ऐवजी 'जरा दार लावता का', आणि त्याहून मऊ म्हणजे 'वारा येतोय, नाही?' समोरच्याला नाही म्हणायची वाट जितकी मोकळी, तितकं बोलणं सभ्य. माणूस किती लांबचा, किती मोठा आणि काम किती जड, त्यावर मऊपणा ठरतो. मग दरवर्षी सांगायची ती गंमत तिने सांगितली. तिचे वडील बसच्या डेपोत मिस्त्री होते. गाडी जॅकवर चढवलेली, मिस्त्री खाली उताणा पडलेला. तिथून 'कृपया आपण मला तो पाना देऊ शकाल काय' असा आवाज कधी येत नाही. आवाज येतो, 'पाना!' पोरं हसली. दरवर्षी हसत. घाई असली, जिवाशी गाठ असली की मऊपणा गळतो, हे पुस्तकातही होतं.

ती गंमत सांगताना तिच्या डोळ्यांसमोर जे यायचं ते मात्र ती वर्गात सांगत नसे. शाळा सुटल्यावर ती डबा घेऊन डेपोत जायची. ऑइलचा वास, ओल्या पोत्याचा वास, पत्र्यावर आदळणारे घण. अण्णा दिसायचे नाहीत, गाडीखालून फक्त त्यांचे पाय दिसायचे. आणि अचानक हात बाहेर यायचा, काळा, तळवा वर करून उघडा. हात तिच्याकडे बघत नसे. तिथे कुणीतरी असणारच, हे त्याला माहीत असे. ती पेटीतून पाना काढून त्या तळव्यावर ठेवायची आणि हात आत जायचा. चुकीचा असला तर आतून यायचं, "हा नव्हे, मुंगे. मोठा." बरोबर असला तर काहीच यायचं नाही. नट फिरल्याचा आवाज यायचा.

"मॅडम, पण हे सगळ्या जगाला लागू आहे?" पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. ती चष्मा नेहमी डोक्यावर चढवून बसे.

"पुस्तक म्हणतं, आहे. थोडा इकडेतिकडे फरक."

"आणि तुम्ही?"

"मी पुस्तकाची नोकरी करते."

पुन्हा हशा. मुलगी मात्र हसली नाही. "नाही म्हणजे, माझी मावशी आहे ना, ती पाहुण्याला 'बसा' म्हणते. सरळ हुकूमच. 'बसता का' असं म्हटलं तर पाहुणा काय बसेल? जाईलच ना उठून. त्याला वाटेल, हिला मी नकोय."

"मग मावशी सभ्य की असभ्य?" मागून कुणीतरी ओरडलं.

"मावशी डेंजर!" तिसरा म्हणाला आणि वर्गात हशा फुटला. मॅडमही हसल्या. यावर उत्तर होतं तिच्याकडे. काही देशांतल्या अभ्यासकांनी हीच तक्रार केली होती, की तुम्ही माणूस एकटा धरून हिशेब मांडलात. आमच्याकडे माणूस एकटा नसतोच, त्याला मोकळी वाट नको असते, आपली जागा हवी असते, आणि ती दुसऱ्याने दाखवावी लागते. ते सगळं ती पुढच्या आठवड्यात घेणार होती. खडू फळ्याला टेकवून तिने 'मावशी' असं लिहिलं, का ते तिला कळलं नाही, आणि लिहिलेल्या शब्दाकडे ती बघत राहिली. पाहुणा. जाईलच ना उठून.

परवाच्या रविवारी अण्णा खिडकीत वर्तमानपत्र वाचत बसले होते, एकेका ओळीवर बोट ठेवून. सकाळीच धाकट्याचा फोन येऊन गेला होता. "पाठव ना गं त्यांना इकडे. पोरं आजोबा आजोबा करतात. आणि तू तरी किती दिवस बघणार?" तिने त्याला सांगितलं, की हा निर्णय अण्णांचा आहे. मग चहा झाल्यावर ती अण्णांसमोर खुर्ची ओढून बसली आणि तिने सगळं नीट मांडलं, एका बाजूला झुकू न देता. धाकटा असं म्हणतोय. तिथे पोरं आहेत, इथे शांतता आहे. तिथे जिने आहेत, इथे दिवसभर एकटेपणा आहे. अण्णांनी बोट ओळीवरून उचललं नाही. "तुझं काय म्हणणं?" त्यांनी विचारलं. त्यांनी तिला काही विचारलेलं तिला नवं होतं, आणि म्हणूनच तिने फार काळजीने उत्तर दिलं. "माझा काही आग्रह नाही, अण्णा. तुम्हाला बरं वाटेल तसं करा." त्या वाक्यावर ती मनातून खूशही झाली होती. त्यात कुठे काही लादलेलं नव्हतं, दोन्ही दारं सताड उघडी होती. अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली, घडीवर घडी, हातात मावेल एवढी केली. "मग जातो," ते म्हणाले.

प्रश्न न विचारणाऱ्या घरात ती वाढली होती. जेव. ऊठ. हा फ्रॉक घाल. पोटात दुखतंय म्हटलं तर ओवा आणि गप्प झोप. एकदा शाळेत चित्रकलेच्या बाईंनी रंगांची पेटी तिच्यापुढे धरून विचारलं होतं, "तुला कुठला हवा?" ती बघतच राहिली. मागच्या मुली ढोसू लागल्या, तरी तिला एकही रंग उचलता येईना. डोळ्यांत पाणी आलं ते रंग मिळाला नाही म्हणून नव्हतं, कुणी विचारलं म्हणून होतं. पुढे एकदा तिचं लग्नही ठरलं होतं, तिला न विचारता. ते तिने मोडलं तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले होते, "नको तर नको, रडतेस कशाला?" तेसुद्धा हुकमासारखंच. त्यानंतर तिने स्वतःचं घर केलं आणि त्यात विचारण्याची सवय लावून घेतली, जशी दुसरे लोक कुंड्या लावतात. आई गेल्यावर अण्णा आले तेव्हा तिने त्यांच्यापुढेही तेच ठेवलं, आपल्याकडचं सगळ्यात चांगलं. पंखा लावू का? खिडकी उघडी चालेल का? आत्ता जेवणार की थांबू? सुरुवातीला अण्णा वैतागत. "कर की! विचारतेस काय सारखं?" मग हळूहळू "चालेल" म्हणू लागले. मग "तुझ्या सोयीने." ती मैत्रिणीला म्हणाली होती, अण्णा किती बदलले बघ, किती मऊ झाले. सिंकखालचा पाइप गळायला लागला तेव्हा अण्णा पान्यांची पेटी घेऊन स्वयंपाकघरात आले होते. "अण्णा, तुम्ही कशाला त्रास घेता? मी प्लंबर बोलावते," ती म्हणाली. पेटी पुन्हा कॉटखाली गेली. प्लंबर आला नाही. पाइपाखाली भांडं होतं, ते भरलं की ती ओतून टाकायची.

ती दुपारनंतरचा तास सोडून घरी निघाली. इमारतीच्या खाली शिंप्याचं दुकान होतं. त्याच्या स्टुलावर अण्णा रोज सकाळी बसत आणि दोघं येणाऱ्याजाणाऱ्याच्या चालीवरून त्याचा धंदा ओळखण्याचा खेळ खेळत. शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या, तरी तो बोललाच.

"काय मास्तरीणबाई, आज लवकर? मिस्त्रींना लावून द्यायला?"

"जायचं त्यांनी ठरवलंय."

"मिस्त्रींनी? ठरवलं?" त्याने टाचण्या तळहातावर काढल्या. "अहो, हा माणूस रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन डेपोच्या गेटवर उभा होता. वॉचमननं हाकललं तेव्हा घरी आला. हा कुठून जायचं ठरवतोय?"

"मग का चाललेत?"

"तुम्ही विचारलंत म्हणे."

"विचारायला नको होतं?"

"ते तुम्ही शिकलेली माणसं बघा. मला टाके मारायला कळतात." शिंपी जरा घुटमळला. "रागावू नका ताई. इथंच बसले होते. म्हणाले, पोरीनं विचारलं, राहता का जाता. मी म्हटलं, मग सांगायचं ना, राहतो म्हणून. तोंड नाही का? तर म्हणाले, 'विचारल्यावर कसं राहायचं?'"

तिने पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मी तर बुवा संध्याकाळी बायकोला कधी विचारत नाही, घरी येऊ का म्हणून," शिंपी म्हणाला आणि टाचण्या पुन्हा तोंडात घातल्या. "न जाणो, विचारात पडली तर?"

जिना चढताना तिला शिंप्याचं हसू ऐकू येत होतं, आणि मग मशीन सुरू झाल्याचं. तिने भिंतीला हात लावला. तिला वाटलं होतं की काहीतरी कळलं म्हणजे मन हलकं होईल. तसं झालं नाही. जे वाक्य तिने दार म्हणून उघडलं होतं, ते पलीकडून बघणाऱ्याला बाहेर जायची वाट म्हणून दिसलं, एवढं कळलं. आणि शिंप्याची बायको विचारात पडली असती तर तिचं काय चुकलं असतं, हेही तिला लगेच सुचलं. आईला कुणी कधी विचारलं होतं? आई आयुष्यभर 'चल' म्हटल्यावर चालली होती. तिला काय हवं होतं ते तिच्याबरोबरच गेलं.

अण्णा दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, दवाखान्यात नंबर यायची वाट बघावी तसे, खुर्चीच्या कडेवर. बाहेरचा शर्ट, वरपर्यंत लावलेली बटणं, पायात बूट. शेजारी बॅग, बॅगेवर पान्यांची पेटी दोरीने बांधलेली. आतल्या खोलीत कॉटवरच्या चादरीची चौकोनी घडी दिसत होती.

"लवकर आलीस. दमलीस का?"

"नाही."

"धाकटा निघालाय. फोन आला होता."

"हो का." ती समोर उभी राहिली. "अण्णा, मला असं वाटत होतं, की तुम्हाला जर... म्हणजे तुमची हरकत नसेल तर आपण पुन्हा एकदा..."

अण्णा मान किंचित कलती करून ऐकत होते. साहेबाचं ऐकावं तसं. वाक्य पुढे चाललं होतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी दारं उघडत होती, प्रत्येक दार बाहेर जाणारं. तुम्ही राहिलात तर मला आवडेल. हेही दारच. कृपया राहा. हे तर दारावरची पाटी. तिच्याकडे याहून वेगळं काही नव्हतं. इतक्या वर्षांत हुकमाचे शब्द तिने एकेक करून घासून टाकले होते. स्वयंपाकघरातून थेंबाचा आवाज आला. भांडं भरत आलं होतं बहुतेक.

तिने वाकून बॅगेवरची दोरी सोडली. गाठ मिस्त्रीची होती, नखं दुखली. पेटी उचलली, ती वाटली होती त्याहून जड निघाली, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेऊन तिने सिंकसमोर आपटली.

"काय करतेस?" अण्णा खुर्चीतून म्हणाले.

"पाइप गळतोय."

"प्लंबर बोलाव."

"नाही बोलावणार. तुम्ही करा." तिचा आवाज तिला परका वाटला, जरा कर्कश. "आणि आधी बूट काढा. फरशी पुसलीय."

"मीच पुसलीय."

"मग घाण कशाला करता?"

अण्णा उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एक हात चौकटीला. "धाकटा वाटेत आहे."

"येऊ दे. मी सांगते त्याला. तुम्ही कुठे जायचं नाही."

"मला विचारलंस का?"

"नाही."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात काय होतं ते तिला वाचता येईना. राग असेल, सुटल्यासारखं झालं असेल, किंवा एका म्हाताऱ्या माणसाचं नातवंडांमध्ये राहायचं ठरलेलं मोडल्याचं दुःखही असेल. खरंच त्यांना इथे राहायचं होतं का, हे आता तिला कधीच विचारता येणार नव्हतं. विचारलं की पुन्हा सगळं पहिल्यापासून. आपण जे करायचं नाही असं आयुष्यभर ठरवलं होतं, तेच आत्ता केलं, हेही तिला दिसत होतं. ते तिने दुरून पाहिलं, रस्त्यापलीकडून एखादा ओळखीचा माणूस पाहावा तसं, आणि हाक मारली नाही.

अण्णांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या. गुडघा कडकडला. 'मी मदत करू का' हे तिच्या तोंडात आलं होतं, ते तिने गिळलं आणि स्टूल पायाने त्यांच्याकडे सरकवलं. ते त्यावर बसले. बूट निघाले. मग ते एका हाताने ओटा धरत, कण्हत, शिव्या पुटपुटत फरशीवर बसले, भांडं बाजूला केलं आणि सिंकखाली डोकं घातलं.

"कुणी बसवलाय हा पाइप? गाढवानं?" आतून आवाज आला. "केव्हापासून गळतोय?"

"बरेच दिवस झाले."

"मग बोलायचं नाही का, मुंगे?"

खाली रस्त्यावर हॉर्न वाजला. शिंप्याने धाकट्याला काहीतरी विचारलं, धाकटा मोठ्याने हसला.

"आला," ती म्हणाली.

"जेवून जायला सांग त्याला."

"विचारते."

"विचारू नको," अण्णा म्हणाले. "सांग."

सिंकखालून हात बाहेर आला. सुरकुतलेला, स्वच्छ, तळवा वर. तिने पेटीतून पाना काढून त्यावर ठेवला. हात आत गेला. धाकट्याच्या चपला जिन्यावर वाजू लागल्या होत्या, तरी ती तिथेच थांबली, कान देऊन. आतून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग नट फिरल्याचा आला.